गडूच्या झाडाची वही

सर,

मंगळवारी सकाळी ऑफिसातला शिपाई लॅबच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, कदम सर गेले." माझ्या हातात ब्रश होता आणि सिंकमध्ये बारावीच्या पोरांनी मळवून ठेवलेल्या परीक्षानळ्या. मी नुसतं "बरं" म्हणाले. उरलेल्या अकरा नळ्या धुतल्या, स्टँडला उलट्या लावल्या, हात पुसले आणि मगच स्टुलावर बसले. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की रडू येईल. तसं झालं नाही. राग आला. तुमच्यावर. असं अर्धवट टाकून कोणी जातं का?

तुम्ही किती वर्षं शिकवलंत, किती पोरं डॉक्टर झाली, मुली कुठे दिल्या, हे बाकीचे लिहितील. त्यांना ते चांगलं येतं. मला तुमच्याशी दुसरंच बोलायचं आहे. मी बोलायला लागले की तुम्ही "थांबा, कुसुमबाई" म्हणून हात वर करायचात. आता तुम्ही तसं करणार नाही. एका परीनं बरंच झालं.

मी कॉलेजात लागले तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये मी परिचर आणि तुम्ही विभागप्रमुख. जवळा बाजारच्या बौद्ध वस्तीतली मी, बारावी सायन्सला दोन विषयांत नापास, लग्न होऊन हिंगोलीत आलेली. नळ्या धुणं, स्लाइड पुसणं, कुंड्यांना पाणी घालणं आणि स्टाफचा चहा करणं, ही कामं. पहिल्या दिवशी मी चहा केला तेव्हा एका सरांचं पोट बिघडलेलं निघालं. दुसऱ्यांना आठवलं की आपण आत्ताच घरून पिऊन आलोय. तिसऱ्यांचा उपवास होता. तुम्ही मात्र कप उचललात, सगळ्यांसमोर घोट घेतलात आणि म्हणालात, "कुसुमबाई, साखर जरा कमी टाकत जा."

त्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली, सर. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं, माहेरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "देवमाणूस भेटला तुला." मलाही तसंच वाटलं. तुम्ही सांगाल ते काम मी वर्गातल्या पहिल्या नंबराच्या पोरीसारखी करायची. घड्याळ बघितलं नाही, सुट्टी बघितली नाही. माणसानं माणसाच्या हातचा चहा घेतला, एवढ्याच गोष्टीसाठी.

मग ते झाड आलं.

पोरांची सहल घेऊन तुम्ही केरळात गेला होता. परत आलात ते मीटरगेजच्या गाडीनं, मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली दोन रोपं घेऊन. दोन दिवस तुम्ही ती हातातून सोडली नव्हती म्हणे. एक लॅबमध्ये ठेवलंत, एक घरी नेलंत. मी गोणपाट सोडलं तर आत अननसाच्या शेंड्यासारखं काहीतरी. रुंद, जाड पानं, कडेला बारीक काटे, आणि पानांवर आडवे पांढरे पट्टे, चुन्यात बोटं बुडवून ओढल्यासारखे. पानं खाली एकात एक इतकी घट्ट बसलेली की मधोमध पेला झालेला.

"हे ब्रोमेलियाड. अननसाच्या घराण्यातलं," तुम्ही सांगितलंत. "मूळचं ब्राझीलचं. तिथं दाट जंगलात मोठ्या झाडाच्या फांदीवर राहतं."

"म्हणजे बांडगूळच की."

"न्हाई, न्हाई. बांडगूळ झाडाचा रस पितं. हे कोणाचं काही घेत न्हाई. मुळं नुसती फांदी धरायला. पाणी पावसाचं, त्या मधल्या पेल्यात साठवलेलं. वरून पाला पडतो, किडे पडतात, ते त्यात कुजतात. तेच याचं जेवण."

इंग्रजी नाव मला बोलता येईना, म्हणून मी त्याला गडूचं झाड म्हणू लागले. आठ दिवसांत पोरंही तेच म्हणू लागली, आणि मग तुम्हीसुद्धा.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्याची वाट लावली होती. पानांवर पांढरी धूळ बसलीय असं समजून ओल्या फडक्यानं दोन पानं चकचकीत पुसली. तुम्ही आलात आणि तुमचा आवाज पार ऑफिसपर्यंत गेला. "काय करून राहिल्या तुम्ही? त्याची तोंडं पुसून टाकली!" मला काही कळेना. मी कोपऱ्यात उभी राहिले. घटकाभरानं तुम्हीच भिंग घेऊन आलात, ते डोळ्याशी कसं धरायचं ते दाखवलंत आणि म्हणालात, "बघा." न पुसलेल्या पानावर बारीक बारीक छत्र्या दाटीनं बसल्या होत्या. ती धूळ नव्हती, खवले होते. त्यातूनच ते झाड पाणी पितं. तुम्ही थेंबभर पाणी सोडलंत. छत्र्या बसल्या, आणि तेवढी जागा हिरवी झाली. थोड्या वेळानं वाळली, छत्र्या पुन्हा उठल्या, पान पुन्हा चंदेरी झालं. "वाळलं की पांढरं होतं, म्हणजे ऊन परतवतं. ओलं झालं की हिरवं होतं, म्हणजे कामाला लागतं," तुम्ही म्हणालात.

बारावीला दोनदा बसून मला जे कळलं नव्हतं, ते त्या दिवशी पाच मिनिटांत कळलं. बघणं म्हणजे काय, ते. हे तुमचं देणं आहे, सर. ते मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. पुढचं सगळं सांगणार आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

"जे दिसंल ते लिहून ठेवा," असं म्हणून तुम्ही मला शंभर पानी वही दिलीत.

मी लिहू लागले. सकाळी आल्याबरोबर आणि संध्याकाळी लॅब बंद करायच्या आधी, अशा रोज दोन नोंदी. पेल्यात पाणी किती बोटं, नवं पान आलं का, कोणत्या पानाचा शेंडा वाळला. बोअरचं पाणी घातलं की पेल्याच्या कडेला पांढरे थर धरतात आणि पानं करपतात, हे महिनाभरात ध्यानात आलं. मग मी पावसाळ्यात लॅबच्या पत्र्यावरून पडणारं पाणी ॲसिडच्या धुतलेल्या रिकाम्या कॅनमध्ये भरून ठेवू लागले. ते उन्हाळ्याला पुरवायचं.

आणि आपला उन्हाळा. ब्राझीलच्या जंगलातलं झाड आणि हिंगोलीचा मे महिना! कॉलेजला सुट्टी लागली की तुम्ही गोरेगावला, तुमच्या शेतावर. मी रोज दुपारच्या आत चालत कॉलेजात यायची. वाऱ्याची झळ लागली की झाडाची रुंद पानं दोन्ही कडांनी आत वळायची, पन्हळीसारखी. उन्हाला अंगच कमी दाखवायचं, दुसरं काय. बाहेरची जुनी पानं ते सोडून द्यायचं. ती करपायची, पण मधला कोंब हिरवा राहायचा. पहिल्या उन्हाळ्यात मी त्याला उत्तरेकडच्या व्हरांड्यात ओलं गोणपाट टांगून जगवलं. पुढच्या उन्हाळ्यापासून लॅबच्या मागच्या स्टोअररूममध्ये हलवू लागले. तिथं गारवा होता, आणि वरच्या झरोक्यातून उजेडही यायचा. जूनमध्ये तुम्ही परत आलात, वही चाळलीत आणि म्हणालात, "एकही दिवस सोडला न्हाई व्हय?" मला तेवढ्यानं वर्षभर पुरलं.

मलेरियावाला आला होता ते आठवतं? नळीनं औषध टाकत, माठ-टाक्या उपड्या करत तो कॉलेजभर फिरला. त्यानं आपल्या झाडाच्या पेल्यात बॅटरी मारली. आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. "हे उपडं करा, न्हाई तर मी रिपोर्ट करतो," तो म्हणाला. तुम्ही त्याला ब्राझीलपासून सांगायला लागलात. तो ऐकून घेईना. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आठवड्याला पाणी बदलत जा."

मी म्हणाले, "सर, कुजलेल्या पाण्यात त्याचं जेवण हाय म्हणता. मग पाणी फेकलं तर ताट फेकल्यासारखं न्हाई का?"

मी दुसऱ्या दिवशी रबरी नळीनं पाणी काढून घेतलं, धोतराच्या फडक्यातून गाळलं, अळ्या बाहेर मातीत टाकल्या आणि तेच पाणी परत पेल्यात घातलं. दर शनिवारी तसंच करू लागले. तुम्ही मान हलवत हसलात. तुमच्या पेपरात पुढे त्यावर एक अख्खा परिच्छेद आला.

आंबटपणाचं तर मला चुकून सापडलं. पानाचा वाळलेला शेंडा कापताना सकाळी एक हिरवा तुकडा सहज जिभेला लावला. जीभ चुरचुरली, आणि चव कच्च्या चिंचेसारखी. संध्याकाळी उरलेल्या पानाचा तुकडा चाखला तर बेचव. मला वाटलं, माझीच जीभ बिघडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जास्वंदीच्या पानाला मात्र सकाळ-संध्याकाळ एकच चव. मग मी पोरं प्रॅक्टिकलला करतात तसं केलं. दोन्ही वेळचा सारखाच तुकडा कापून वाटला, पाण्यात कालवला, इंडिकेटरचा थेंब टाकला आणि गुलाबी रंग येईपर्यंत ड्रॉपरनं अल्कली टाकली. सकाळी सव्वीस थेंब लागले, संध्याकाळी नऊ. आठ दिवस करून बघितलं. आकडे तेच, एखाददुसऱ्या थेंबाचा फरक. मग भीत भीत तुम्हाला वही दाखवली.

तुम्ही खुर्चीत मागे टेकलात. "हे झाड दिवसा तोंड मिटून बसतं, कुसुमबाई. उन्हात तोंड उघडलं तर सगळं पाणी उडून जाईल. म्हणून अंधार पडल्यावर हवा आत घेतं आणि तिचं आम्ल करून साठवतं. दिवसा सूर्य असला की त्या साठ्यातून अन्न करतं. म्हणून सकाळी आंबट." मग तुम्ही उठून स्वतः एक तुकडा तोडून तोंडात टाकलात आणि हसायला लागलात. "मी वीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवून राहिलो हे. चाखलं न्हाई कधी."

त्या दिवशी मला तुमच्याइतकं मोठं कोणीच वाटलं नव्हतं.

केळांचं भांडणही तसं गोडच होतं, निदान तेव्हा. दुसऱ्या उन्हाळ्यात झाड स्टोअररूममध्ये होतं. ऑफिसातल्या एकानं वसमतहून केळांचा घड आणला आणि गारव्याला म्हणून तिथंच ठेवला. घड पिकला, वास सुटला, संपला. पावसाळा लागला आणि झाडाच्या पेल्यातून गुलाबी तुरा वर आला, काटेरी पाकळ्यांचा, आत बारीक निळी फुलं. सारं कॉलेज बघायला आलं. तुम्ही सगळ्यांना सांगत होता, की तुम्ही द्यायला लावलेल्या पातळ खतानं ते फुललं.

"सर, खत न्हाई. मला वाटतं केळांनी."

"केळांनी? केळांचा काय संबंध?"

"खत तर तुमच्या घरच्या झाडालाही तुमी तेच घालता. ते काहून फुललं न्हाई?"

मी तुमच्या घरी आले, काकूंना सांगून ते दुसरं झाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घातलं, सोबत चार पिकलेली केळं ठेवली, आणि दहा दिवसांनी पिशवी काढली. तीन महिन्यांनी त्यालाही तुरा आला. तुम्ही कॉलेजला येऊन लॅबच्या दारातूनच म्हणालात, "व्हय. बराबर. पिकल्या फळातून वायू सुटतो, त्यानं फुलतं. पुस्तकात बघितलं मी काल." मला हसू आवरेना. पुस्तकात आधीच होतं म्हणून मला वाईट वाटलं नाही. मी ते न वाचता गाठलं होतं.

एकदा फुललं की ते झाड पुन्हा फुलत नाही. तुरा महिनोन्‌महिने टिकतो, मग आई हळूहळू वाळते आणि बुडातून पिलं फुटतात. आईची पानं लवकर कापू नका, पिलांना ती पोसते, हे तुम्ही मला सांगितलंत आणि मी वहीत लिहिलं. वहीची तेवढीच पानं उरली होती.

मग तुम्ही म्हणालात, "वही द्या जरा. विद्यापीठात चर्चासत्र आहे, बघतो काही लिहिता येतं का." मी जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिली. अडीच वर्षांची वही. मिस्टरांना सांगितलं, सर माझ्या वहीवरून लिहिणार आहेत. ते म्हणाले, "मग तुझं नाव येईल की." मी म्हणाले, "येईल."

विभागाचं टपाल ऑफिसातून मीच आणायची. ते पाकीट आलं तेव्हा तुम्ही तासावर होतात. पाकीट फाटलेलंच होतं, आत छापलेली पुस्तिका. इंग्रजी मला सावकाश येतं. डिक्शनरी घेऊन बसले. सव्वीस. नऊ. फडक्यातून गाळलेलं पाणी. केळं, दहा दिवस, तीन महिने. पन्हळीसारखी वळलेली पानं. सगळं होतं. सगळं बरोबर होतं, एकही आकडा चुकवला नव्हतात. वर लिहिलं होतं की लेखकानं ही निरीक्षणं स्वतः, रोज दोनदा, उन्हाळी सुट्टीतही न चुकता केली. शेवटी आभार होते. प्राचार्यांचे, विद्यापीठाचे, ग्रंथपालांचे, आणि घरची बाजू सांभाळल्याबद्दल पत्नीचे. मी ते पान दोनदा वाचलं. मग पुस्तिका उलटून मागची बाजूही बघितली.

तुम्ही तासावरून आलात. मी पुस्तिका टेबलावर ठेवली.

"सर, हे थेंब माझे हायेत."

"कोणते थेंब?"

"सकाळी सव्वीस, संध्याकाळी नऊ. केळांचंही माझंच."

तुम्ही चष्मा काढलात. "मग? मी कुठं न्हाई म्हणालो?"

"इथं लिहिलंय की तुमी स्वतः केलं."

"ती लिहायची पद्धत असते, कुसुमबाई."

"मग निदान आभारात?"

"परिचराचं नाव पेपरात येत न्हाई."

"काहून?"

"पद्धत न्हाई."

"काकूंचं हाय की. काकूंनी कोणती नोंद घेतली?"

तुमचा चेहरा लाल झाला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणालात, "मी तुमच्याशी कधी भेदभाव केला का? सगळ्या स्टाफपुढं तुमच्या हातचा चहा पेत आलो. बाकीचे काय करत होते, विसरल्या का?"

मला पायाखालची फरशी तेवढी दिसत होती. म्हणजे तुम्ही ते लक्षात ठेवलं होतं. मी ज्याला माया समजले, तो तुमच्या लेखी माझ्यावर केलेला उपकार होता, आणि वेळ आली तशी त्याची आठवण करून दिलीत. आज त्याचं उत्तर आहे, सर. चहा चहा असतो. पिणाऱ्यानं तो पिऊन कोणावर उपकार केलेले नसतात. हे सुचायला मला फार वर्षं लागली, आणि तोवर तुम्ही समोर राहिला नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तुमचा चहा केला नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. कँटीनमधून तुमच्यासाठी ग्लास येऊ लागला. त्यानंतर तीन वर्षं आपण एका खोलीत होतो. "स्लाइड काढा", "व्हय", "कॅन भरला का", "व्हय", एवढंच बोलणं. वही मी एकदा मागितली. "घरी आहे, शोधतो," म्हणालात. झाडाची पिलं मी मोठी केली, दोन माझ्या घरी नेली. मी पुन्हा नोंद केली नाही. सकाळी झाड आंबट झालं असेल नसेल, माझं काय जात होतं? पण हात सवयीनं पेल्यातलं पाणी बोटांनी मोजायचे, आणि मला त्या हातांचाच राग यायचा.

तुम्ही निवृत्त झालात. निरोपाच्या भाषणात सगळे त्या पेपराबद्दल बोलले. मी खुर्च्या लावत होते.

आणि गेल्या वर्षी तुम्ही आमच्या घरी आलात. ऑटोतून उतरलात तेव्हा मी ओळखलंच नाही, इतके वाळलेले होतात. पायरी चढताना दोनदा थांबलात. खुर्चीत बसून पाणी प्यालात. मिस्टरांशी सोयाबीनच्या भावाचं बोललात, धाकट्या मुलीच्या सासरचं बोललात, डॉक्टरनं मीठ बंद केलंय म्हणालात. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, आता बोलतील. आता. एवढ्या आजारपणात, कनेरगाव नाक्याला दिलेल्या तुमच्या पोरीच्या घरून निघून मुद्दाम वाट वाकडी करून आले ते कशाला, नाहीतर? तुम्ही अंगणातल्या झाडांपाशी गेलात. एका पानावरून बोट फिरवलंत, खवले न पुसता, उलट्या बाजूनं. तुमचे ओठ हलले, सर. मी बघितलं.

"पाणी पावसाचंच घालता ना?" तुम्ही म्हणालात.

"व्हय," मी म्हणाले.

मग तुम्ही ऑटोत बसलात. मीही विचारू शकले असते. तुमची प्रकृती बघून गप्प बसले. त्या दिवशी मी दया केली तुमच्यावर, आणि ती दया मला आता खाते आहे.

काल शोकसभा झाली. मी फुलं, सतरंज्या, फोटोला हार, सगळं बघितलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, आणि मी चांगलंच बोलणार होते. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलायचं असतं. माझ्या आधी प्राचार्य उठले. नवे आहेत, तुम्हाला त्यांनी कधी बघितलंही नव्हतं. त्यांनी तुमचा पेपर हातात धरला आणि वाचून दाखवलं, "हिंगोलीच्या रणरणत्या मे महिन्यातही सर रोज दोनदा येऊन स्वतः नोंदी घेत. अशी निष्ठा आता राहिली नाही."

मला ते दिवस आठवले. डोक्यावर पदर, पायात स्लिपर, डांबर मऊ झालेला रस्ता. आणि तुम्ही गोरेगावला, शेतातल्या सावलीत.

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले.

"सरांनी मला बघायला शिकवलं," मी म्हणाले. "भिंग कसं धरायचं ते शिकवलं. त्यांनी शिकवलं नसतं तर मला काहीच दिसलं नसतं. पण आत्ता जे वाचून दाखवलं, ते सरांनी केलं न्हाई. त्या नोंदी मी घेतल्या. उन्हाळ्यात मी येत होते. ते थेंब मी मोजले, पाणी मी गाळलं, केळं मी ठेवली. सरांना मी हे तोंडावर सांगितलं होतं. म्हणून माघारी सांगून राहिले असं कोणी समजू नये."

एक तरुण प्राध्यापक पुटपुटले, "ही काय वेळ आहे का, बाई?" प्राचार्य खोकले. मी खाली उतरायला वळले, तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकू उठल्या. पांढऱ्या साडीत, मुलीच्या खांद्याला धरून. माइक घेतला नाही. जागेवरूनच बोलल्या.

"बराबर बोलल्या त्या. अक्षर त्यांचंच होतं. ती वही दोन वर्षं आमच्या टेबलावर होती. मी यांना म्हणलं होतं, माझं नाव काढा आन त्या बाईचं घाला. हे म्हणले, बघू."

आणि बसल्या.

चार-पाच वाक्यं, सर. नवरा जाऊन आठवडा न झालेल्या बाईला तेवढीच लागली. पेपर छापून आल्यापासून तुमच्याकडे नऊ वर्षं होती.

मला वाटलं होतं, एकदा चारचौघांत सांगितलं की छातीवरचं उतरेल. उतरलं नाही. कॉलेजच्या सत्तर-ऐंशी माणसांना आता खरं काय ते माहीत झालं आहे. आज सकाळपासून काही माझ्याशी बोलेनासे झालेत, काही जरा जास्तच गोड बोलतात. त्यांच्याशी माझं भांडण नव्हतंच. ते तुमच्याशी होतं, आणि तुम्ही ते न मिटवता गेलात.